टॅक्रोलिमस लेव्हलचं ऑटोमेशन : आठ महिने वापरल्यानंतर

किडनी बदललेल्या पेशंटला, शरीराने ती नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस हे औषध घ्यावं लागतं. रक्तातलं त्याचं प्रमाण, म्हणजे लेव्हल, आमच्या लॅबमध्ये आता दुपारी दीडपर्यंत तयार असते. आठ महिन्यांपूर्वी ती संध्याकाळी सहाला मिळायची, कधीकधी दुसऱ्या दिवशी. रात्री आठच्या गोळीआधी डॉक्टरांना डोस बदलता येणार की नाही, हे या काही तासांवर ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. यंत्राचं नाव देत नाही. रक्ताची ट्यूब आत ठेवली की औषध वेगळं काढून थेट मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण) मोजणारी जी यंत्रं आहेत, त्यांतल्या कुठल्याही यंत्राला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी काय करायचो ते सांगते. टॅक्रोलिमस तांबड्या पेशींत जाऊन बसतं, त्यामुळे सीरम, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग, चालत नाही, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं अख्खं रक्त लागतं. आणि अख्खं रक्त पिपेटने उचलणं म्हणजे पाणी उचलणं नव्हे. टिपच्या बाहेरच्या अंगाला थेंब चिकटून येतो. तो टिश्यूने पुसायचा, पण टिपच्या तोंडाला टिश्यू लागू द्यायचा नाही, नाहीतर आतलं रक्त ओढलं जातं. २०० मायक्रोलिटर रक्तात तेवढंच रिएजंट घालायचं, तळाचा गोळा पूर्ण मोडेपर्यंत व्हॉर्टेक्सवर, म्हणजे ट्यूब घुसळणाऱ्या यंत्रावर, धरायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं नितळ पाणी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतून लगेच इम्युनोअ‍ॅसेच्या (अँटिबॉडीने औषध पकडून मोजण्याची पद्धत) अ‍ॅनालायझरवर लावायचं. रेंगाळलात तर रिएजंटमधलं मिथेनॉल उडून जातं आणि रिडिंग वर सरकतं. तिसाव्या-पस्तिसाव्या ट्यूबला माझा हात पहिल्या ट्यूबसारखा चालत नसे, हे मला कळायचं. ज्याची लेव्हल मिलीमागे ५ ते ८ नॅनोग्रॅममध्ये ठेवायची आहे, त्याच्या रिपोर्टमध्ये एका नॅनोग्रॅमचा फरकसुद्धा डोस बदलायला लावतो. कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं, हात थरथरायला लागतात.

आता हे सगळं यंत्र करतं. बारकोड वाचतं, ट्यूब हलवतं, झाकणातून सुई घालून रक्त घेतं, प्रथिनं साकळवतं, गाळून घेतं आणि पुढे पाठवतं. मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे इंटर्नल स्टँडर्ड. प्रत्येक नमुन्यात टॅक्रोलिमसचाच, पण जड समस्थानिकं घातलेला जुळा ठरलेल्या मापाने मिसळला जातो. गाळताना औषध थोडं वाया गेलं, तर हा जुळाही त्याच प्रमाणात वाया जातो आणि दोघांचं गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. पुढे स्पेक्ट्रोमीटर टॅक्रोलिमसचा ८२१ वस्तुमानाचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पकडतो, फोडतो आणि ७६८ चा तुकडा मोजतो. सिरोलिमस, एव्हरोलिमस, सायक्लोस्पोरिन या त्याच कामाच्या औषधांचे आकडे वेगळे, त्यामुळे चारही औषधं एकाच रनमध्ये निघतात. मधेच वॉर्डातून तातडीचं सॅम्पल आलं तर तेही घुसवता येतं. पूर्वी ‘बॅच लागली, आता उद्या’ असं सांगावं लागायचं.

पण यंत्र बसलं आणि लगेच रिपोर्ट द्यायला लागलो, असं कुणी करू नका. जुन्या इम्युनोअ‍ॅसेतली अँटिबॉडी औषधाबरोबर त्याचे शरीरात मोडलेले तुकडेही काही प्रमाणात पकडते, म्हणून तिथला आकडा साधारणपणे चढा येतो. आम्ही सहा आठवडे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. एका ताईंचं त्याच ट्यूबमधलं रक्त जुन्या पद्धतीने ८.४ आणि नव्याने ७.१ आलं. डॉक्टरांना हे माहीत नसतं तर त्यांना वाटलं असतं लेव्हल घसरली, आणि त्यांनी गोळी वाढवली असती. प्रत्येक नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, आम्ही फोन केला, पत्र दिलं, रिपोर्टवर पद्धतीचं नाव ठळक छापायला सुरुवात केली. पेशंटनाही सांगतो, काका, फाइलमधला मागचा आकडा आणि हा आकडा एका रांगेत धरू नका.

त्रासही झाला. दुसऱ्या महिन्यात काही दुबार तपासण्या जुळेनात. शोधता शोधता लक्षात आलं की फ्रीजमधून काढलेल्या ट्यूबा तशाच रॅकमध्ये जात होत्या. पेशी तळाशी घट्ट बसलेल्या, आणि यंत्राचं हलवणं त्यांना पुरत नव्हतं. तेव्हापासून ट्यूब बाहेरच्या तापमानाला आणून दहा वेळा हाताने उलटीसुलटी केल्याशिवाय रॅकला लागत नाही. बारीक गुठळी यंत्राला दर वेळी ओळखता येत नाही, ती आपण डोळ्यांनीच बघायची. लहान मुलांच्या छोट्या ट्यूबा आजही हाताने कराव्या लागतात, कारण तळाशी ठरावीक रक्त उरलंच पाहिजे. ज्यांच्यासाठी एक मिली रक्तही जास्त, त्यांचीच सोय यात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुलैत एका रात्री वीज गेली आणि यूपीएसही उतरला. स्पेक्ट्रोमीटरमधला व्हॅक्यूम पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उलटली. सर्व्हिस इंजिनीअर तिसऱ्या दिवशी आला. जुना अ‍ॅनालायझर आम्ही काढून टाकला नव्हता, म्हणून निभावलं.

आणि एक गोष्ट यंत्राच्या बाहेरची. साताऱ्याहून येणाऱ्या एका काकांची लेव्हल नेहमी सातच्या आसपास असते, त्या दिवशी १९.६ आली. कंट्रोल (आधीच माहीत असलेल्या लेव्हलचे नमुने) नीट, इंटर्नल स्टँडर्ड नीट, आलेखावरचं शिखरही सुरेख. मागच्या रिपोर्टशी फार फरक पडला की सॉफ्टवेअर रिपोर्ट अडवून ठेवतं, तसा तो अडला. मी फोन लावला.

“काका, सकाळची गोळी कधी घेतलीत?”

“पाचला, एसटीत बसायच्या आधी, चहाबरोबर. चुकायला नको म्हणून.”

रक्त काढलं होतं साडेआठला. लेव्हल मोजायची ती पुढच्या गोळीच्या अगदी आधीची, ट्रफ. काकांनी औषध एकदाही चुकवलेलं नाही, पण गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची हे त्यांना कुणी नीट समजावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना परत यावं लागलं. ६.८ आली. आता शेवटच्या गोळीची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ भरल्याशिवाय आमच्याकडे बारकोडच छापला जात नाही. कलेक्शनच्या मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, कारण रांग लांबते. आता तेच पेशंटला खिशातली गोळी दाखवायला सांगतात. सोबत नवीन औषधं कोणती, हेही विचारतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की टॅक्रोलिमस यकृतात भराभर मोडतं आणि लेव्हल तळाला जाते, फ्लुकोनाझोलने ती चढते. असा पेशंट आठवड्यातून दोनदा येतो, आणि त्याच्यासाठी त्याच दिवशीचा रिपोर्ट फार मोलाचा.

असं यंत्र घ्यावं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. दिवसाला पाच-सहाच लेव्हल होत असतील तर नको. कॅलिब्रेशन आणि कंट्रोलवर जाणारं रिएजंट पेशंटच्या बिलात येईल, त्यापेक्षा मोठ्या लॅबला सॅम्पल पाठवा. रोज पंचवीस-तीस होत असतील तर जरूर घ्या. मात्र करार करताना इंजिनीअर किती तासांत येणार आणि कॉलम, फिल्टर यांचा साठा कुठल्या शहरात असणार, हे लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. यूपीएस पंपासकट सगळा भार पेलेल एवढा असू द्या, आणि जुनी पद्धत येणारा किमान एक माणूस हाताशी ठेवा. आमच्याकडे नव्याने आलेल्या दोन मुलींना मी दर शनिवारी हाताने पिपेट करायला बसवते, जांभळ्या ट्यूबा आणि टिश्यू घेऊन.