ग्रानादातली रोझमेरीची डहाळी

स्पेनच्या दक्षिणेकडील ग्रानादा शहरात गेल्या ऑक्टोबरमध्ये माझी आणि माझ्या पत्नीची सत्तर युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सात हजार रुपयांना, फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नाही. कोणी खिसा कापला नाही, कोणी पर्स हिसकावली नाही. पाकीट मी स्वतःच्या हाताने उघडले, आणि म्हणूनच हे लिहिताना थोडी लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण पुढच्या सहलीच्या हंगामात त्याच गल्लीतून आपल्याकडची कितीतरी मंडळी जाणार आहेत.

ग्रानादा हे पायी पाहण्याचे शहर आहे. खाली गजबजलेल्या भागात कॅथेड्रल आणि त्याला लागून असलेले राजघराण्याचे चॅपेल, समोर टेकडीवर अल्हाम्ब्रा हा मुस्लिम राजांचा किल्ला आणि राजवाडे, आणि पलीकडच्या उतारावर अल्बाइसिन ही मूरांची, म्हणजे स्पेनमधल्या त्या काळच्या मुस्लिमांची, जुनी वस्ती. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ सहसा लागत नाही. अडचण एकच आहे. अल्हाम्ब्रातल्या नसरीद या राजघराण्याच्या राजवाड्यांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत, आणि तिकिटे बरेच दिवस आधी संपत असल्यामुळे दुसरे तिकीट आयत्या वेळी मिळण्याची आशाही नसते. आमची वेळ दुपारी साडेबाराची होती. पुढे जे घडले त्यात या साडेबाराचा वाटा मोठा आहे.

सकाळी आम्ही राजघराण्याचे चॅपेल पाहिले. १५०५ ते १५१७ या काळात बांधलेल्या या वास्तूत राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांच्या समाध्या आहेत. १४९२ च्या जानेवारीत ग्रानादाचे शेवटचे मुस्लिम राज्य याच दोघांनी घेतले आणि त्याच वर्षी कोलंबसला रवाना केले. वर संगमरवरी पुतळे निजलेले आहेत आणि पायऱ्या उतरून खाली डोकावले की शिशाच्या साध्या, काळपट शवपेट्या दिसतात. त्यांतली एक लहान आहे. ती त्यांच्या नातवाची, मिगेलची. दोन वर्षांचा होण्याआधीच १५०० साली तो वारला. माझी पत्नी त्या पेटीपाशी बराच वेळ उभी होती आणि बाहेर पडताना काही बोलत नव्हती. सव्वाअकरा वाजून गेले होते.

चॅपेलचे दार ओफिसिओस नावाच्या अरुंद, फरसबंदी गल्लीत उघडते. अंधारातून एकदम उन्हात आल्यामुळे डोळे दिपले होते. तेवढ्यात साठीच्या आसपासची एक बाई समोर आली आणि तिने माझ्या पत्नीच्या हातात हिरवी डहाळी ठेवली. ‘ठेवली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. तिने ती विकायला पुढे केली नव्हती. वीतभर लांबीची रोझमेरीची डहाळी होती ती, पाने सुईसारखी, चुरगळली की कापूर आणि निलगिरी यांच्या मधला वास येणारी. ‘रेगालो, रेगालो’, म्हणजे ‘भेट, भेट’, असे ती हसून म्हणत होती. पत्नीने डहाळी नाकाशी नेली, आणि तेवढ्यात बाईने तिचा दुसरा हात आपल्या हातात घेऊन तळवा वर केला.

मी जवळ गेलो, तर दुसऱ्या बाईने माझ्याही हातात डहाळी दिली आणि माझाही तळवा उलगडला. अंगठ्याच्या नखाने ती माझ्या हातावरची रेषा मनगटापर्यंत ओढत होती, भराभर बोलत होती, आणि मधेच दोन बोटे उभी करून तिने मला दोन मुलगे असल्याचे सांगितले. आम्हाला एकच मुलगी आहे. तेव्हाच हात मागे घ्यायला हवा होता, पण तिची पकड मजबूत होती आणि हिसका देणे मला असभ्यपणाचे वाटले. शेवटी तिने कपाळाला बोट लावून काहीतरी पुटपुटले आणि तळवा पसरला.

मी खिशातून दोन युरोंचे नाणे काढले. ते पाहताच तिचा चेहरा बदलला. ‘मोनेदा नो’, नाणे नको. नाण्याने ‘माला सुएर्ते’, अपशकुन होतो. ‘पापेल’, कागद हवा. खरी मेख इथेच आहे. नाणे खिशातून निघते, नोटेसाठी मात्र पाकीट बाहेर काढून उघडावे लागते. मी घड्याळाकडे पाहिले, ही कटकट एकदाची मिटावी म्हणून पाकीट उघडले, आणि पाच-दहाची नोट न दिसल्यामुळे वीस युरोंची नोट दिली. ती देतानाही बाईची बोटे पाकिटावर होती, जणू ती आशीर्वादच देत होती. तिकडे पत्नीनेही दहा युरो देऊन सुटका करून घेतली. मग दोघीही अशा काही झटकन वळून गेल्या की गल्लीत आम्ही दोघे आणि दोन डहाळ्या एवढेच उरलो.

घाईघाईने आम्ही प्लाझा नुएवा गाठला, तिथून गोमेरेस नावाचा चढ धरला, गिटार बनवणाऱ्यांची दुकाने मागे टाकली आणि दगडी डाळिंबे कोरलेल्या दरवाजातून वरच्या झाडीत शिरलो. ‘ग्रानादा’ या शब्दाचा स्पॅनिशमधला अर्थच डाळिंब असा आहे. वर पाण्याची बाटली घेताना पाकिटात विसाच्या आणखी दोन नोटा कमी असल्याचे लक्षात आले. पत्नीने आधी पासपोर्ट चाचपले. अल्हाम्ब्राचे तिकीट नावावर असते आणि प्रवेशाच्या वेळी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यामुळे त्या दिवशी दोन्ही पासपोर्ट तिच्या उघड्या तोंडाच्या झोळीत, म्हणजे तो पसरलेला हात आणि ती बाई यांच्या मधोमध, लोंबकळत होते. ते शाबूत होते. तो विचार आजही मनात आला की सत्तर युरो स्वस्तात गेले असे वाटते.

राजवाडे आम्ही वेळेवर पाहिले, पण मर्टल नावाच्या झुडपांच्या कुंपणाच्या त्या प्रसिद्ध चौकात उभा असताना मी पाण्यातल्या प्रतिबिंबाऐवजी स्वतःच्या मूर्खपणाचाच विचार करत होतो. माझे बालपण एका तीर्थक्षेत्री गेले आहे. गोपीचंदन आणि बुक्क्याची वाटी घेऊन वाळवंटात फिरणारी मुले परगावच्या यात्रेकरूच्या कपाळावर न विचारता गंधाची मुद्रा उमटवतात आणि मग दहा रुपये मागतात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे, त्यावर हसलोही आहे. आधी वस्तू द्यायची, मग तिचे ओझे करायचे, आणि समोरच्याला घाई असेल अशीच जागा निवडायची, हा हिशेब मला पाठ होता. तरीही मी फसलो, कारण देवळासारख्या जागेतून बाहेर पडल्यावर कोणी हातावर काही ठेवले तर ते नाकारायचे नसते, हे आपल्या हातांनाच ठाऊक असते. प्रसादाला आपण उजवा हात पुढे करतो. विचार नंतर येतो.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकांना ही हकिगत सांगितली. त्यांना त्यात नवे काहीच वाटले नाही. सेव्हियात आणि कोर्दोबातही मोठ्या चर्चच्या आसपास हेच चालते, असे ते म्हणाले. मग त्या बायकांच्या संपूर्ण जमातीबद्दल एक वाक्य त्यांनी असे टाकले की ते मला मुळीच आवडले नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून ज्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला आणि १९५२ साली तो कागदोपत्री पुसला गेल्यावरही ज्यांच्या कपाळावरून तो गेला नाही, त्या जमातींची माणसे माझ्या वर्गात होती. मला दोन बायकांनी फसवले. त्या कोणत्या जमातीच्या होत्या हे मी विचारले नाही.

पोलिसांकडे जावे का, हाही प्रश्न आला. स्पेनच्या कायद्यात चारशे युरोपर्यंतची चोरी हलक्या गुन्ह्यात मोडते. शिवाय तीस युरो आम्ही स्वखुशीने दिले होते आणि चाळीस नेमके कोणत्या क्षणी गेले याला साक्षीदार नव्हता, म्हणून आम्ही तक्रार केली नाही. पासपोर्ट गेला असता तर मात्र पोलिसांकडे लेखी तक्रार करून तिची प्रत घेणे अपरिहार्य होते, कारण पुढे माद्रिदच्या भारतीय दूतावासात ती लागते. तातडीची मदत हवी असेल तर ११२ हा क्रमांक संपूर्ण स्पेनमध्ये चालतो.

त्या गल्लीतून जाणे टाळावे, असे मी मुळीच म्हणणार नाही; चॅपेलसमोरच १३४९ साली स्थापन झालेली मदरसा आहे, ती चुकवू नये. पण अल्हाम्ब्राच्या वेळेआधी किमान दोन तास मोकळे ठेवावेत, किंवा खालची ठिकाणे दुसऱ्या दिवसासाठी राखावीत, म्हणजे घड्याळ समोरच्याच्या बाजूने लढत नाही. चढ नको असेल तर प्लाझा इसाबेल ला कातोलिकापासून सी-३० आणि सी-३२ या छोट्या बसगाड्या वर जातात. पासपोर्ट कपड्यांच्या आत असावेत आणि वरच्या खिशात पाच-दहा युरोंची सुटी चिल्लर असावी. डहाळी हातात आलीच तर जवळच्या कठड्यावर ठेवून चालू लागावे. पाय थांबले की हात धरला जातो. आणि जोडीदाराचा हात कोणी धरला असेल तर आपण त्याच्या जवळ न जाता चार पावलांवरून मोठ्याने हाक मारावी. मी जवळ गेलो आणि दुसरीला गिऱ्हाईक मिळाले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गल्लीतून जायचे होते. पत्नीने आदल्या रात्रीच उपाय शोधून ठेवला होता. डहाळी पुढे येताच तिने छातीशी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, ‘नो, ग्रासियास’ म्हटले आणि चालण्याचा वेग तसाच ठेवला. जोडलेल्या हातात काही ठेवता येत नाही आणि तळवाही सापडत नाही. बाईने क्षणभर पाहिले, तिला हसू आले, आणि ती आमच्या मागून येणाऱ्या एका वयस्कर जोडप्याकडे वळली. मी मागे वळून इंग्रजीत ओरडलो, ‘पाकीट काढू नका.’ त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिले, पण त्यांच्या एका हातात डहाळी होती आणि दुसऱ्या हाताने ते कोटाच्या आतला खिसा उघडत होते.