राइनहार्ड गोबेल यांचे दोन ब्रांडेनबुर्ग: आठ महिन्यांच्या श्रवणानंतर

गेले आठ महिने मी जर्मन व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद संचालक राइनहार्ड गोबेल यांची अठराव्या शतकातील संगीतकार बाखच्या सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंची (वाद्यवृंदासाठीच्या रचनांची) दोन ध्वनिमुद्रणे आलटूनपालटून ऐकतो आहे. पहिले १९८६-८७ मधले असून त्यात गोबेल स्वतः व्हायोलिन वाजवतात. १९७३ साली त्यांनीच स्थापन केलेला ‘म्युझिका अँटिक्वा क्योल्न’ हा वृंद जुन्या घडणीच्या वाद्यांवर त्यांना साथ देतो. दुसरे सुमारे ३० वर्षांनंतरचे. तेथे ते केवळ संचालक आहेत आणि ‘बर्लिनर बारोक सोलिस्टन’चे वादक आधुनिक वाद्ये वाजवतात.

जुन्या मुद्रणाने सुरुवातीला मला चक्क वैताग आणला. तिसऱ्या कॉन्चेर्तोची लय इतकी द्रुत आहे, आणि व्हायोलिन अजिबात नसलेल्या सहाव्यात दोन व्हियोला (व्हायोलिनहून थोडी मोठी, खालच्या स्वरांची वाद्ये) एकमेकांच्या पाठीमागे असे धावतात, की हा निव्वळ हट्ट वाटावा. तिसऱ्या महिन्यात कान सरावल्यावर लक्षात आले की त्या वेगातही गज प्रत्येक छोट्या वाक्यांशाच्या शेवटी उचलला जातो आणि ठोक्यावरचा स्वर जड, पुढचे हलके असा तोल कोठेही सुटत नाही. नव्या मुद्रणात नाद भरीव आहे, पण ही उच्चारपद्धती तीच आहे. जुन्या वाद्यांवरच्या, प्राण्यांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा म्हणजेच जुनी शैली, हा माझा समज तेथे मोडला.

मधल्या काळात, १९९० मध्ये, डाव्या हाताच्या विकारामुळे गोबेल यांचे वादन थांबले, तेव्हा गज डाव्या हातात घेऊन ते व्हायोलिन नव्याने शिकले. हे कळल्यावर त्यांच्या हट्टाबद्दलचे माझे मत बदलले, हे मान्य करतो.

सतराव्या शतकातील संगीतकार बीबरच्या रोझरी सोनाटांचे (व्हायोलिनसाठीच्या रचनांचे) गोबेल यांचे मुद्रणही याच काळात ऐकले. त्यांतील १४ रचनांसाठी तारा वेगळ्या स्वरांत लावाव्या लागतात. सा-प-सा-प असे व्हायोलिन लावणाऱ्या आपल्या वादकांना त्याचे नवल वाटणार नाही.

तक्रार एकच आहे, आणि ती संगीताबद्दल नाही: मी वापरतो ते अ‍ॅप दोन्ही ब्रांडेनबुर्ग एकाच नावाखाली दाखवते, त्यामुळे अनेकदा चुकीचेच लागते. सहावा लावायचा असेल तर मात्र मी अजूनही शोधून जुनाच लावतो.