लंगडणे थांबले, म्हणून आम्ही पैसे देत राहिलो

कुत्र्यांच्या पायांच्या दुखण्यावर घरी येऊन उपचार करतो, असे सांगणाऱ्या एका माणसाने आमच्याकडून एकूण ५०,४०० रुपये घेतले. तपासणीचे १,५००, ‘लेझर’च्या बारा सिटिंगचे २८,०००, सांध्यांच्या चूर्णाच्या दोन डब्यांचे ६,४०० आणि परदेशातून येणार असलेल्या, पण कधीच न आलेल्या इंजेक्शनचे आगाऊ १४,५००. पैसे बुडाल्याचा संताप आहेच. परंतु त्या काळात आमच्या ज्यूलीच्या गुडघ्याचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही रकमेने भरून येणार नाही, आणि तेच इतर कुत्र्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहीत आहे. असे लोक गिऱ्हाईक कसे गाठतात, जुन्या ग्राहकांचे व्हिडिओ कसे दाखवतात, आज पैसे भरल्यास सूट कशी देतात, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही.

ज्यूली ही सात वर्षांची, ३४ किलो वजनाची लॅब्रॅडोर. सोसायटीत बांधकामाचा राडारोडा पडला होता, त्यातल्या काचेने तिच्या मागच्या उजव्या पंजाची गादी कापली. आमच्या नेहमीच्या पशुवैद्यांनी जखम धुऊन पट्टी केली आणि जखम भरलीही. मात्र लंगडणे राहिले. डॉक्टरांनी पुन्हा पाहिले तेव्हा त्यांना गुडघ्याची शंका आली. भूल देऊन गुडघा तपासावा आणि एक्स-रे काढावा, तोपर्यंत तिला उड्या मारू देऊ नयेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. आम्ही त्यांचे ऐकले नाही असे नाही. वयस्क, जड कुत्रीला भूल देण्याची आम्हाला भीती वाटली, आणि रात्री ती कण्हत असताना सोसायटीच्या ग्रुपवर दोन शेजाऱ्यांनी एकाच माणसाचा क्रमांक दिला. ज्यांच्या घरी आपला रोजचा राबता आहे, त्यांच्या शब्दावर कोणीही विश्वास ठेवला असता.

त्याच्या कार्डावर नावाआधी ‘डॉ.’ होते आणि खाली कुत्र्यांच्या पुनर्वसनाचे कसलेसे ऑनलाइन प्रमाणपत्र. नोंदणी क्रमांक नव्हता. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच प्राण्यांवर वैद्यकीय उपचार करता येतात. पदविकाधारकांना राज्य शासनाने परवानगी दिलेल्या किरकोळ सेवासुद्धा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्याव्या लागतात. कार्डावर क्रमांक नसेल तर माणूस दारातून आत येण्यापूर्वी विचारा, आणि तो जे नाव सांगेल त्याच नावाच्या खात्यात पैसे जात आहेत का, तेही पाहा. आमचे पैसे क्यूआर कोडवरून एका वेगळ्याच नावावर गेले. विचारल्यावर ‘ते मिसेसचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले.

लंगडणाऱ्या कुत्र्याची तपासणी कशी होते, हे मी नंतर आमच्या डॉक्टरांकडे उभी राहून पाहिले. कुत्र्याला आधी सपाट जमिनीवर हळू आणि मग थोडे पळवून चालवतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा मान वर उचलतो. गुडघा दुखत असेल तर बसताना तो पाय दुमडून न घेता बाजूला काढून बसतो. मग पंजा उघडून बोटांमधली कातडी, नखांची मुळे आणि गादी पाहतात, कारण पुष्कळदा दोष तिथेच एखादे कुसळ रुतल्याचा किंवा नख तुटल्याचा असतो. त्यानंतर एकेक सांधा वरपर्यंत दाबून पाहतात आणि दोन्ही मांड्यांची जाडी ताडून पाहतात. आपल्याकडे गोचीड-ताप झाल्यानेही सांधे सुजतात आणि कुत्रा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतो. त्यासाठी रक्त तपासावे लागते. आमच्याकडे आलेल्या माणसाने यातले काहीही केले नाही. सोफ्यावर बसूनच त्याने ज्यूलीच्या कमरेवर हात ठेवला आणि ‘पंजाच्या जखमेमुळे कमरेतली नस दबली आहे’ असा निर्णय दिला.

एक्स-रेचा विषय मीच काढला. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही, कशाला पैसे घालवता?” हे वाक्य मला आजही छळते, कारण ते अर्धे खरे आहे. लिगामेंट, म्हणजे सांध्यात हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, एक्स-रेत दिसत नाही, हे बरोबर. परंतु ते तुटल्यामुळे सांध्यात भरलेले पाणी, नडगीचे हाड पुढे सरकलेले असणे आणि हाडांच्या कडांवर वाढलेले हाड दिसते. अर्धे सत्य बोलणारा माणूस जाणकार वाटतो, आणि मलाही तो तसाच वाटला.

‘लेझर’ म्हणजे तांबडा प्रकाश टाकणारा हातात मावणारा दिवा होता. उपचाराचा खरा शक्तिशाली लेझर वापरताना डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून उपचार करणाऱ्याने, खोलीतल्या इतरांनी आणि कुत्र्यानेही संरक्षक चष्मा लावायचा असतो. आमच्या घरी कोणीही चष्मा लावला नाही. तुमच्याकडे असे यंत्र घेऊन कोणी आले तर त्यावरचा लेझरचा वर्ग (तो डोळ्यांना किती धोक्याचा आहे हे सांगणारा क्रमांक) वाचा आणि चष्मे मागा.

चूर्ण सुरू केले आणि ज्यूलीचे लंगडणे इतक्या लवकर थांबले की आमचा आनंद गगनात मावेना. ती जिने चढू लागली, गाडीतून उडी मारू लागली. उरलेल्या सिटिंगचे पैसे आम्ही त्या आनंदातच भरले.

आणि इथेच मला कळायला हवे होते. चूर्ण सुरू झाल्यापासून ज्यूली पाण्याचे भांडे रिकामे करत होती, भरले की पुन्हा रिकामे. आयुष्यात कधी घरात न मुतलेली कुत्री रात्री हॉलमध्ये ओले करू लागली आणि शरमेने कोपऱ्यात जाऊन बसू लागली. भूक प्रचंड वाढली, पोट सुटले, पंख्याखाली बसूनही ती धापा टाकायची. त्याला विचारले तेव्हा ‘शरीरातली उष्णता बाहेर पडते आहे’ असे उत्तर मिळाले, आणि मी फरशी पुसत राहिले. जी कुत्री दुखऱ्या पायाने नीट उभी राहत नव्हती, ती धावताना दिसत असताना तिच्या तहानेवर शंका घेणे मला कृतघ्नपणाचे वाटले. डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना, बॅच क्रमांक, घटक यांपैकी काहीही छापलेले नव्हते. तो डबा मी रोज हातात घेत होते.

एका सकाळी ती खेळता खेळता किंचाळली आणि पाय टेकेनाशी झाली. तो फोन उचलेना. आमच्या डॉक्टरांनी भूल देऊन तपासले: गुडघ्यातले क्रुसिएट लिगामेंट आधी अर्धवट फाटलेले होते, ते आता पूर्ण तुटले होते आणि सांध्यातली कूर्चेची गादीही चिरडली होती. रक्तात यकृताचे एएलपी हे विकर खूप वाढलेले आढळले. प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय लेखी देता येणार नाही, पण तहान, भूक, पोट आणि हे रक्त पाहता चूर्णात स्टेरॉइड असावे, असे डॉक्टर म्हणाले. वेदना दबली होती, गुडघा तसाच होता, आणि त्या फाटलेल्या गुडघ्यावर ती उड्या मारत होती. शिवाय स्टेरॉइड अंगात असताना मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक दिले तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून ते लगेच सुरू करता आले नाही. नडगीचे हाड कापून, फिरवून प्लेट बसवण्याच्या शस्त्रक्रियेला ७८,००० रुपये लागले. ही शस्त्रक्रिया मुळातही लागली असती. पण सांध्यातली गादी वाचली असती आणि मांडीचे स्नायू इतके झडले नसते. घरातल्या माणसांच्या गोळ्याही कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक त्यांच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात.

आता तक्रारीविषयी. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, “कुत्र्यासाठी एवढे पैसे दिलेत?” भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, फसवणूक माणसाच्या पायाच्या नावाने केली की कुत्र्याच्या, याने त्या कलमात काहीही फरक पडत नाही. तरीही माझा अर्ज साध्या कागदावर ठेवून घेण्यात आला आणि पोच मागितली तेव्हा साहेब जेवायला गेल्याचे सांगण्यात आले. तिथून मला एका शासकीय कार्यालयात पाठवले. तिथले उत्तर असे की कारवाई फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकांवर करता येते, हा नोंदणीकृत नाही, म्हणून पोलिसांकडे जा. म्हणजे ज्याच्याकडे पदवीच नाही, तो सर्वांत सुरक्षित! चूर्ण तपासायला नेले तर दुसऱ्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने जनावरांची औषधे आमच्याकडे येत नाहीत, असे तोंडावर सांगितले. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील औषधाच्या व्याख्येत प्राण्यांची औषधे स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार खरेदीदाराला शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येते. कायद्याची प्रत दाखवली तर ‘वरून विचारून सांगतो’. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात अपायकारक औषध देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! ज्यूलीच्या पट्टीचा एक रोलसुद्धा त्या दंडात येणार नाही. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. नोंदणीकृत टपालाची पावती जपा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कारण उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही तिथे अर्ज केला आहे. डबा फेकू नका, त्यातले उरलेले चूर्ण झाकण बंद करून ठेवा.

आणि असे चूर्ण तुमच्या कुत्र्याला आत्ता सुरू असेल, तर हे वाचून ते एकदम बंद करू नका. स्टेरॉइड बरेच दिवस चालू राहिले तर शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते, आणि औषध अचानक थांबल्यास कुत्रा उलट्या, अशक्तपणा होऊन कोसळू शकतो. डबा घेऊन नोंदणीकृत पशुवैद्यांकडे आजच जा; मात्रा कशी उतरवायची ते त्यांनाच ठरवू द्या.