कोल्हापुरी चपलेचे दोन जोड: एक दुकानातला, एक कारागिराच्या घरचा

गेल्या दिवाळीत कोल्हापुरात चपलेचे दोन जोड घेतले आणि सहा महिने आलटून पालटून वापरले. पहिला बाजारपेठेतील एका झगमगीत दुकानातून १,८०० रुपयांना, तर दुसरा सुभाषनगरातील एका चर्मकार दांपत्याच्या घरून १,५०० रुपयांना घेतला.

दुकानातल्या जोडाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रंग देखणा, गोंडा ऐटदार आणि ‘अस्सल हातकाम’ अशी तोंडी हमी. परंतु जानेवारीत टाच उकलली तेव्हा चामड्याच्या दोन थरांमध्ये डिंकाने चिकटवलेला पुठ्ठा निघाला. तक्रार घेऊन गेल्यावर ‘पाण्यात घातली असणार’ एवढेच उत्तर मिळाले.

दुसरा जोड मात्र पहिले आठ दिवस चांगलाच चावला. एरंडेल लावून दोन रात्री ठेवल्यावर तो नरमला आणि त्यानंतर पायाला असा बसला, की दिवसभर चालूनही त्रास नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले म्हशीचे कातडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि खिळा एकही नाही. पुरुष रापीने तळ आणि बाजूचे कान कापतात, तर पट्ट्यावरची बारीक वेणी बायका घालतात. माझ्या जोडाची वेणी घालणाऱ्या बाईंना तिची मजुरी विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, “वेणीचं वेगळं कोण देतंय? जोडाचे येतात तेच.” हेच दांपत्य दुकानांनाही माल पुरवते आणि तेथे त्यांच्या हाती जोडामागे सहाशे रुपये पडतात. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला लागला आहे. या कामाला तो हात लावत नाही आणि आईवडिलांचाही आग्रह नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच धाटणीच्या चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा गावोगावी अभिमान उसळला. मला या घरापर्यंत घेऊन आलेले परिचित गृहस्थही त्या दिवसांत ‘आमच्या कोल्हापूरचा वारसा’ म्हणून तावातावाने बोलत होते. बाईंनी चहा पुढे केला, तेव्हा मात्र ‘आत्ताच झाला’ म्हणत त्यांनी कप तसाच ठेवला आणि पुढच्या चौकात उतरून टपरीवर दोन कप घेतले. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा घेत, त्याच शहरातील ही गोष्ट आहे. (मी दोन्ही ठिकाणी चहा घेतला, घरचा अधिक चांगला होता.)

खरेदी करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. माप देताना दोन्ही पाय कागदावर आखून द्यावेत, कारण तयार मापात अंगठा हमखास अडतो. पावसाळ्यात हा जोड बाहेर काढू नये. तळ झिजल्यास याच घरी तो बदलून मिळतो; दुकानाने ते काम नाकारले होते. गैरसोय एवढीच, की दर ठरलेला नाही, पावती मिळत नाही आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा आठ-दहा दिवस सहज जास्त लागतात.

लिडकॉमने, म्हणजे राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने, आता चपलांसाठी क्यूआर कोड आणला आहे. तो स्कॅन केल्यावर कारागिराचे किंवा बचत गटाचे नाव समजते. माझ्या दोन्ही जोडांवर तो नव्हता. तिसऱ्या जोडाचे माप देताना मी त्या कारागिरांना म्हटले, की तळाखाली निदान आपले नाव तरी ठोका. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही घ्याल. पण आडनाव वाचून परत ठेवणारं गिऱ्हाईक आलं, तर काय करू?” बाई आतून म्हणाल्या, “ठोका की, बघू तरी.” जोड महिनाअखेरीस मिळणार आहे.