पॅच क्लॅम्पवाल्यांनो, आधी पुलर बघा : तीन वर्षं वापरलेल्या मशीनचा रिव्ह्यू

नवीन रिग (पेशींचा करंट मोजायचा पूर्ण सेटअप) लावणारे लोक हमखास विचारतात की अँप्लिफायर कुठला घेऊ. मी उलट विचारते, पुलर कुठला घेतोयस? तिथे समोरचा गप्प, कारण पुलर म्हणजे त्याच्या डोक्यात कोपऱ्यातलं काच ओढायचं डबडं असतं, बजेटमध्ये उरलंसुरलं असेल त्यात बसवायचं. मीही तेच केलं असतं, पण आमच्या लॅबमध्ये जुना पुलर मेला आणि नवीन घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हे मशीन आडवं आहे, फिलामेंटवालं (तापणाऱ्या धातूच्या पट्टीने काच वितळवणारं), प्रोग्रॅम सेव्ह करता येणारं, आणि तीन वर्षं जवळजवळ रोज वापरतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारीपण आहेत म्हणून.

जे या लाइनमध्ये नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्व्ह आणि मसलच्या पेशींच्या पडद्यात प्रोटीनची बारीक दारं (चॅनेल्स) असतात, त्यातून सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियमचे आयन आत-बाहेर जातात आणि त्यावरच नर्व्हचा सिग्नल चालतो, स्नायू आकसतो. एका उघड्या दारातून करंट जातो काही पिकोअँप. १ पिकोअँप म्हणजे सेकंदाला साधारण ६२ लाख आयन, पण मोजायच्या दृष्टीने काहीच नाही. हा करंट पकडायला काचेची पोकळ नळी तापवून ओढायची, टोक एक-दोन मायक्रॉनचं करायचं, आत मीठपाणी आणि चांदीची तार, आणि ते टोक पेशीला चिकटवायचं. ही ओढलेली नळी म्हणजे पिपेट, ती ओढणारं यंत्र तो पुलर, आणि पेशीला चिकटवून मोजायची ही पद्धत म्हणजे पॅच क्लॅम्प. बाकी सगळी महागडी रिग या टोकाच्या मागे उभी असते.

टोकाचं महत्त्व कळायला थोडा इतिहास बघावा लागतो. १९७६ मध्ये नेहेर आणि साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर पहिल्यांदा एकेका चॅनेलचा करंट दाखवला, नर्व्ह तोडलेला स्नायू, त्यावरचं आवरण एन्झाइमने साफ केलेलं, आणि तरी पिपेट आणि पेशीच्या मधल्या फटीतून गळती होतीच. १९८० मध्ये नेहेर यांच्या लक्षात आलं की ताजं, स्वच्छ पिपेट घेऊन मागून हलकंसं ओढलं की पडदा काचेला असा चिकटतो की रेझिस्टन्स थेट गिगाओहममध्ये जातो. त्याच वर्षी उंदराच्या कल्चरमधल्या स्नायूपेशींत एकेकटं सोडियम चॅनेल दिसलं, १९८१ मध्ये पूर्ण पद्धत छापून आली आणि १९९१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे इथे सांगायचं कारण एवढंच की कळीची गोष्ट होती ताजं टोक आणि चांगलं सील. आकडा बघा : सील १०० मेगाओहमचं असेल तर १ किलोहर्ट्झ बँडविड्थला नुसत्या तापमानाचा नॉइज साधारण ०.४ पिकोअँप, आणि १० गिगाओहमचं असेल तर ०.०४. दहापट फरक, आणि यात अँप्लिफायरचा काही हात नाही.

"ताजं" हा शब्द शब्दशः घ्यायचा. एक पिपेट, एक पेशी, मग फेकून द्या. पेशीला लागलेलं टोक परत वापरलं की सील लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण एकदातरी ट्राय करतो. म्हणजे दिवसाला तीस-चाळीस पिपेट्स सहज लागतात, आणि ती सगळी सारखी निघाली पाहिजेत. पुलरची खरी परीक्षा ती आहे. एक झकास टोक कुठलाही पुलर काढतो हो.

आता या मशीनबद्दल. दीड मिलिमीटर जाडीची बोरोसिलिकेट नळी दोन्ही बाजूंच्या पकडीत लावायची, फिलामेंटच्या बरोबर मधोमध, बटण दाबायचं. फिलामेंट आधी लालसर, मग केशरी होते, काच क्षणभर काहीच करत नाही, मग मध्ये कंबर बारीक व्हायला लागते आणि मशीन हीट बंद करून हवेचा झोत मारतं. परत तापवतं, परत थांबतं, तिसऱ्या-चौथ्या फेरीला खट्ट आवाज येतो आणि दोन्ही बाजू झटक्यात लांब. हातात दोन जुळी पिपेट्स. फिलामेंट मध्यावर नसेल तर एकाचं टोक लांबुडकं आणि दुसऱ्याचं बुटकं निघतं, हीच पहिली खूण, मायक्रोस्कोपखाली न्यायचीपण गरज नाही.

मग पिपेट बाथमध्ये (पेशी ठेवलेल्या मीठपाण्यात), आतून हलकं प्रेशर देऊन, म्हणजे पाण्यातला कचरा टोकाला चिकटत नाही. स्क्रीनवर ५ मिलिव्होल्टचा टेस्ट पल्स चालू असतो, ४ मेगाओहमच्या पिपेटला (टोक जितकं बारीक तितका हा आकडा मोठा) करंटचा चौकोन सव्वा नॅनोअँपचा येतो. पेशीला टेकलं की चौकोन थोडा बसतो, प्रेशर सोडायचं, तोंडातल्या नळीने अगदी जरासं ओढायचं (हो, अजूनही तोंडानेच, लाखोंची रिग आणि शेवटी स्ट्रॉ), आणि चौकोन खाली खाली जात सपाट होतो. तेच सील. कधी दोन सेकंदात लागतं, कधी एक मिनिट घेतं आणि शेवटी पेशीच आत ओढली जाते. या मशीनच्या पिपेट्सवर माझी सील्स जुन्या पुलरपेक्षा खूप जास्त वेळा लागतात, आणि मुख्य म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं टोक एकसारखं असतं.

ज्या गोष्टीमुळे माझं मत पक्कं झालं ती सांगते. आमच्याकडे एक ज्युनिअर एनएव्ही १.४ वर काम करतो, म्हणजे स्नायूमधलं मुख्य सोडियम चॅनेल, ज्यात बिघाड झाला की मायोटोनिया होतो, स्नायू आकसला की लवकर सैल पडत नाही. त्याने एक म्युटेशन एचईके सेल्समध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी किडनीच्या पेशींत) टाकलं आणि धावत आला की अॅक्टिव्हेशन कर्व्ह (किती व्होल्टेजला चॅनेल उघडतं त्याचा आलेख) चांगला डावीकडे सरकलाय, शिवाय एकदम उभा झालाय. मी म्हटलं करंट किती? ६ नॅनोअँप. पिपेट किती? साडेचार मेगाओहम. म्हणजे पेशी फोडल्यावर सिरीज रेझिस्टन्स (अँप्लिफायर आणि पेशीच्या मधला, टोकातला अडथळा) असणार १० मेगाओहमच्या आसपास. ६ नॅनोअँप गुणिले १० मेगाओहम झाले ६० मिलिव्होल्ट, त्यातले ७० टक्के अँप्लिफायरच्या कॉम्पेन्सेशनने (ही चूक भरून काढायची सोय) खाल्ले तरी १८ उरतात! अँप्लिफायरला वाटतंय पेशी उणे ४० मिलिव्होल्टवर आहे आणि पेशी बिचारी उणे २२ वर बसलीय. सोडियम करंट आत येतो तेव्हा चूक नेमकी याच दिशेने होते आणि कर्व्ह डावीकडे सरकल्यासारखा, उभा दिसतो. म्हटलं बाबा, हा आजार पेशंटचा नाही, तुझ्या काचेचा आहे. नवीन प्रोग्रॅम बनवला, टोक रुंद, दीड मेगाओहमचं, आणि पेशीही कमी करंटच्या निवडल्या. सरकणं गायब. खरा दोष निघाला तो इनॅक्टिव्हेशनमध्ये, चॅनेल उघडल्यावर बंद व्हायला उशीर लावत होतं. मायोटोनिया म्हटल्यावर ते जास्त पटतंही.

म्हणून प्रोग्रॅम सेव्ह होणं ही चैन नाहीये. एचईकेसाठी वेगळा, डीआरजी न्यूरॉनसाठी (मणक्याजवळच्या संवेदी नर्व्ह पेशी) तीन-चार मेगाओहमचा वेगळा, एकेकटं चॅनेल बघायचं तर बारीक टोक आणि वर सिलिकॉनचा लेप, तो वेगळा. मॅच्युअर स्नायूतंतूला तर आतपर्यंत गेलेल्या टी-ट्यूब्समुळे कपॅसिटन्स इतका जास्त असतो की साध्या होल-सेलने (टोकाखालचा पडदा फोडून पूर्ण पेशीचा करंट मोजणं) नीट क्लॅम्पच होत नाही, म्हणजे व्होल्टेज धरून ठेवता येत नाही, तिथे आम्ही लूज पॅच करतो (घट्ट सील न लावता टोक नुसतं टेकवून मोजणं), त्याला मोठं, आगीवर गोल केलेलं टोक लागतं. हे गोल करणं पुलरमध्ये होत नाही बरं का, त्याला मायक्रोफोर्ज वेगळी घ्यावी लागते. आम्हाला हे मशीन आल्यावर कळलं, सेल्सवाल्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

आता तक्रारी. दुसऱ्या वर्षी फिलामेंट जळाली. हरकत नाही, ती जळणारच. नवीन मागवली ३ मिलिमीटरची, पाकिटावर ३ छापलेलं, आत निघाली अडीचची. आम्ही कशाला मोजतोय, लावली. रॅम्प टेस्ट (किती हीटला काच वितळते ते बघायची) केली, आकडा वेगळा आला, वाटलं नवीन फिलामेंट आहे म्हणून असेल. दोन आठवडे सील लागत नव्हतं. पेशी बदलल्या, सोल्युशनची ऑस्मोलॅरिटी परत मोजली, चांदीच्या तारा ब्लीचमध्ये घालून परत क्लोराइड केल्या, एकमेकांवर चिडचिड करून झाली, आणि शेवटी एका मुलीने कॅलिपर लावला. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की दोन्ही साइज "कंपॅटिबल" आहेत. बसतात हो दोन्ही, पण टोक तसं येत नाही ना! योग्य फिलामेंट यायला पुढचे पाच आठवडे. तेव्हापासून आम्ही दोन जादाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि आल्या आल्या मोजतो.

दुसरं म्हणजे दमट हवा. थंड करायचा झोत ज्या हवेचा असतो ती कोरडी लागते, त्यासाठी एक डबी आहे दाण्यांची, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. ही डबी मशीनच्या मागे, भिंतीकडे! म्हणजे बघायला पूर्ण मशीन ओढा. ज्याने हे डिझाइन केलं त्याने कधी स्वतः पिपेट ओढलं नसणार. मॅन्युअल मात्र खरंच चांगलं आहे, कुठला आकडा वाढवला की टोकाचं काय होतं ते चित्रांसकट दिलंय, नवीन मुलांना मी तेच आधी वाचायला देते.

कोणी घ्यावा? फक्त होल-सेल करत असाल आणि एकाच प्रकारच्या पेशी असतील तर हा घेऊ नका, दोन पायऱ्यांचा साधा उभा पुलर बास आहे, वजनाने खाली पडतो, बिघडायला त्यात फारसं काही नाही, शेजारच्या लॅबमध्ये आहे आणि त्यांची सील्स छान लागतात. क्वार्ट्झ ओढायचं असेल तर हा चालणारच नाही, त्याला लेझरवाला लागतो. आणि काम नुसतं औषधं तपासायचं असेल, हृदयाच्या एचईआरजी चॅनेलवर वगैरे, तर चिपवाली ऑटोमॅटिक मशीन्स बघा, त्यात पिपेटच नसतं. पण ती सुट्या, गोल, एकसारख्या पेशी मागतात, स्नायूतंतू किंवा ब्रेन स्लाइस घेऊन गेलात तर काही उपयोग नाही. आमच्यासारखं सगळंच थोडं थोडं करणाऱ्या लॅबला मात्र हा आडवाच लागतो.

माझे ५ पैकी साडेतीन. एक गेला त्या फिलामेंटच्या पाच आठवड्यांचा. अर्धा झाकणाचा, कारण वरचं प्लास्टिकचं झाकण दीड वर्षात बिजागरीतून तुटलं, आणि झाकण उघडं राहिलं की एसीचा वारा थेट फिलामेंटवर येतो. सध्या चिकटपट्टी लावलीय, त्यावर मार्करने "बंद करा" लिहिलंय, तरी रोज कोणीतरी उघडं ठेवतंच.