दुसरा सबवूफर घेतला, आईच्या खुर्चीसाठी

दोन वर्षं एकच सबवूफर (फक्त बास, म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर) सुखाने चालला होता. एसव्हीएस कंपनीचा एसबी-१००० प्रो: १२ इंची ड्रायव्हर, ३२५ वॅट, बंद डबा, जेमतेम सव्वा फुटाचा. जागा टीव्हीच्या डावीकडे, कोपऱ्यात. मी बसतो सोफ्याच्या मधोमध. मला बास कमी वाटायचा, म्हणून मी वाढवायचो. आईची खुर्ची भिंतीला टेकलेली. ती म्हणायची, "अरे, छातीत धडधडतंय, कमी कर." शोकेसमधलं पितळी ताट किणकिणून तिच्या बाजूने साक्ष द्यायचं.

दुकानात सल्ला मिळाला: हा काढा, मोठा घ्या. मोठा आणला असता तर ताट खाली आलं असतं, एवढंच.

कारण दोष सबचा नव्हताच, खोलीचा होता. हॉल ११ फूट रुंद. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर साधारण ५१ हर्ट्झची अर्धी लाट दोन भिंतींच्या मध्ये चपखल बसते. मग भिंतीपाशी बासचा डोंगर (जास्त आवाज) आणि मधोमध खड्डा (कमी आवाज). डोंगर आईकडे, खड्डा माझ्याकडे. आवाज वाढवला की खड्डा होता तिथेच राहतो, डोंगर मात्र चढतो. इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने, माझी जागा सुधारायला जावं, तर आईची आणखी बिघडते.

फुकटचे उपाय आधी करून पाहिले. सोफा फूटभर सरकवला, तर बायकोची जायची-यायची वाट अडली. मग सब सोफ्यावर ठेवला, बासवालं एकच गाणं पुन्हापुन्हा लावलं आणि मी जमिनीवर रांगत कुठे बरं ऐकू येतं ते शोधत फिरलो. (मुलीने व्हिडिओ काढला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचलाय.) सगळ्यात चांगली जागा निघाली टीव्हीच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर. तिथे भिंतीत ठोकलेलं टीव्ही युनिट. विषय संपला.

एका मित्राकडे हाच सब आहे. तो सब आणि मित्राचा आवाज मोजायचा माइक एका रविवारापुरता उसना आणला. लॅपटॉपवर खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. दोन्ही सब शेजारी-शेजारी ठेवले तर सहा-एक डेसिबल वाढले, डोंगर-खड्डा जसाच्या तसा. हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांच्या संशोधनात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब चांगले ठरले होते, पण आमच्या एका बाजूला पॅसेज आहे. शेवटी युनिटच्या दोन्ही टोकांना एकेक ठेवला, आपापल्या बाजूच्या भिंतीपासून पावणेतीन फुटांवर, म्हणजे रुंदीच्या पाव अंतरावर. इथून दोघं त्या ५१ हर्ट्झच्या लाटेला विरुद्ध बाजूंनी ढकलतात, त्यामुळे ती उभीच राहत नाही. आईच्या आणि माझ्या जागेतला फरक १२ डेसिबलवरून ४ वर आला. दुसऱ्या आठवड्यात मी माझा स्वतःचा घेतला.

जोडताना एक लक्षात ठेवा. रिसीव्हरला (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) मागे सबसाठी दोन जोडण्या, म्हणजे सब-आउट, दिसले म्हणून तो दोघांना वेगळं सांभाळतो असं नाही. बऱ्याच रिसीव्हरमध्ये आत सिग्नल एकच असतो. आमचे दोन्ही सब सोफ्यापासून सारख्या अंतरावर आहेत, म्हणून अडलं नाही. मोबाइलवरच्या सबच्या अ‍ॅपमध्ये दोघांचा व्हॉल्यूम सारखा केला, मग रिसीव्हरचं ऑटो सेटिंग पुन्हा चालवलं.

घरात एकटेच पिक्चर बघत असाल तर हा खर्च करू नका, सोफा सरकवा. दणका वाढेल म्हणून घेणार असाल तरी थांबा, आमच्याकडे आवाज उलट कमी झालाय. पूर्वी मी खड्डा भरायला वाढवायचो, आता गरज पडत नाही. खालच्या मजल्यावरून फोन आलेला नाही.

ताट गप्प आहे. नव्या सबवर आईने क्रोशाचा रुमाल घातलाय. आवाजात काही फरक पडत नाही, मोजून पाहिलं.