फोर्स वन की सी-६०? कमांडो व्हायचंय त्यांच्यासाठी

फोर्स वन आणि सी-६० या महाराष्ट्र पोलिसांच्या दोन कमांडो तुकड्या. यातली भारी कुठली, हा वाद पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये हमखास रंगतो आणि कोणाकडे कुठली रायफल यावर येऊन अडकतो. रायफल बाजूला ठेवा. चकमक किती वेळ चालणार आणि मागून मदत किती लांबून येणार, यावर दोन्हींचं प्रशिक्षण बेतलेलं आहे.

फोर्स वन २६/११ मधून जन्मली. त्या रात्री एनएसजीला, म्हणजे केंद्राच्या कमांडो दलाला, दिल्लीहून मुंबईत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. हे अंतर तोडायला २०१० मध्ये एनएसजीच्या धर्तीवर ही तुकडी उभी राहिली, तळ मुंबईच्या गोरेगावात. हिची लढाई चार भिंतींतली. दार उघडलं की पहिला एका कोपऱ्याकडे वळणार, दुसरा उलट्या. समोर ओलीस आणि बंदूकधारी शेजारी शेजारी, आणि क्षणात ठरवायचं की गोळी झाडायची की बोट आवरायचं. हे अंगात मुरेपर्यंत घोटून घेतलं जातं. खरी परीक्षा मात्र संयमाची, कारण तशी वेळ क्वचितच येते. सराव, स्टँडबाय, पुन्हा सराव. ज्याला रोज काहीतरी घडायला हवं, तो इथे कंटाळेल.

सी-६० चा मामला वेगळा, ती गडचिरोलीच्या जंगलात माओवाद्यांशी लढणारी. १९९० मध्ये गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जवान निवडून ती उभारली. पुढे तुकड्या वाढल्या, पण माणसं जिल्ह्यातलीच राहिली. गोंडी-माडिया बोलणारा, नाला कुठे आटतो हे ठाऊक असणारा जवान बाहेरून शिकवून तयार होत नाही. प्रत्येक तुकडी, म्हणजे पार्टी, तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते, त्यामुळे त्याच्या स्वभावावर बरंच अवलंबून असतं. हैदराबादच्या ग्रेहाउंड्स या नक्षलविरोधी दलाकडे, छत्तीसगडमधल्या कांकेरच्या जंगलयुद्ध विद्यालयात जवान शिकून येतात. पण रेशन पाठीवर घेऊन दिवसच्या दिवस चालायचं, मळलेली वाट टाळायची, ही सवय जंगलच लावतं. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ गाडीतून निघालेले गडचिरोली पोलिसांचे १५ जवान भूसुरुंगात गेले. रस्त्याला इथे का भितात ते त्यावरून कळावं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात २६ माओवादी मारले गेले, ती कारवाई याच जवानांची. शिवाय गावात बसून लोकांच्या अडचणी ऐकणं, सरकारी योजना पोचवणं हेही त्यांचं काम. फोर्स वनच्या वाट्याला ते येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं टाकली. त्यामुळे आज भरती होणाऱ्याला सी-६० चं जुनं रूप मिळेलच असं नाही, हेही हिशेबात धरा.

तिसरा पर्याय मुंबईची क्यूआरटी, म्हणजे क्विक रिस्पॉन्स टीम, ती शहर पोलिसांची. घटनास्थळी लवकर पोचायचं, घेरा धरायचा. शहर सोडायचं नसेल तर ती बघा.

माझं मत विचाराल तर कस सी-६० मध्ये जास्त लागतो, पण गडचिरोलीचे नसाल तर तो विषय जवळपास संपलाच. मग फोर्स वन. तिथेही थेट भरती नाही. आधी पोलीस किंवा एसआरपीएफमध्ये (राज्य राखीव पोलीस दलात) लागायचं, मग निवड. पोलीस शिपायाला १६०० मीटर धावायचं असतं, एसआरपीएफला ५ किलोमीटर. दम लांबचा असेल तर एसआरपीएफचा अर्ज भराच. पुढे एनएसजीत प्रतिनियुक्तीवर जायची वाटही राज्य पोलिसांतून निघते.